पऱ्हाटीचं वजन कुठून आलं? बीएस्सी पहिल्या वर्षाच्या जीवशास्त्राची परीक्षा कशी घ्यावी: शिक्षकांची चर्चा

वनस्पतीशास्त्र, यवतमाळ

पहिल्या वर्षाच्या मुलांना 'प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय' असं विचारलं की समीकरणासकट उत्तर येतं. मग त्यांनाच विचारा, 'उलंगवाडीनंतर (कापूस वेचून संपल्यावर) उपटलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, वाळवून तोलली, तेवढं वजन आलं कुठून?' उत्तर येतं, 'जमिनीतून.' नाहीतर 'खतातून.' ज्याला समीकरण पाठ आहे त्यालाही त्या समीकरणात हवेतला कार्बन लाकडात जातोय हे दिसलेलं नसतं. आणि आपली सत्र परीक्षा हे कधीच उघडं पाडत नाही, कारण ती व्याख्या, फरक आणि आकृती यांच्या पुढे जात नाही.

माझं म्हणणं असं. पहिल्या आठवड्यात आणि सत्राच्या शेवटी तीच चाचणी घ्यावी, विषय पाचच: वस्तुमान कुठून येतं, श्वसन, परासरण (पेशीच्या पडद्यातून पाण्याची ये-जा), जनुकं आणि पेशीविभाजन, नैसर्गिक निवड. प्रश्न दोन पायऱ्यांचा. आधी उत्तर निवडायचं, मग त्याचं कारण. नमुना देतो.

शंभर किलो वाळलेली पऱ्हाटी जाळली, राख पाच किलोच्या आसपास उरली. जे उडून गेलं ते झाडात मुळात कुठून आलं होतं?
अ) मातीतल्या खनिजांतून
ब) युरिया-डीएपीतून
क) मुख्यतः हवेतून, थोडं पाण्यातून
ड) सूर्यप्रकाशातून

कारण:
1) मुळं तयार अन्न शोषतात
2) कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन आणि ऑक्सिजन शर्करेत बांधला जातो
3) प्रकाशाचं पदार्थात रूपांतर होतं
4) पाणी साठून लाकूड होतं

हा प्रश्न जुनाच आहे. सतराव्या शतकातल्या हेल्मोंट या शास्त्रज्ञाने 200 पौंड कोरड्या मातीत 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षांनी झाड 169 पौंडांचं झालं आणि माती जेमतेम दोन औंस घटली. 1648 मध्ये हे छापून आलं. वजन मातीतून येत नाही हे त्याने बरोबर ओळखलं, पण सगळं पाण्यातून आलं असं धरलं, कारण हवेकडे त्याचं लक्षच गेलं नाही. आपली मुलं नेमकी तिथेच अडकतात. हवेला वजन असतं हे पदार्थविज्ञानात शिकवलं जातं, पण त्या हवेचं लाकूड होतं हे पटवून देणारा तास कुठेच नसतो.

पेपरसेटर, अमरावती विभाग

सर, रोग बरोबर ओळखला, औषध मला मान्य नाही. पर्याय छापले म्हणजे विचार आपणच करून दिला. मुलाला फक्त ओळखायचं उरतं. कोऱ्या कागदावर चार वाक्यांत कार्यकारण मांडता येणं हीच समज, आणि ती दीर्घोत्तरीतच दिसते.

तुमच्याच नमुन्यातला दोष बघा. पहिल्या भागात सगळ्यात लांब पर्याय कोणता? क. कारणांत सगळ्यात लांब आणि रासायनिक नावं असलेलं कोणतं? 2. 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी केलेला मुलगा प्रश्न न वाचता दोन्ही बरोबर करेल. पर्यायांची लांबी सारखी ठेवा, निदान एका चुकीच्या कारणातही कार्बन डायऑक्साइड घाला. उदाहरणार्थ, 'मुळं मातीतला कार्बन डायऑक्साइड पाण्यासोबत शोषतात'. एवढं न करता चाचणी छापली तर आकडे येतील, पण ते खोटे असतील.

वनस्पतीशास्त्र, यवतमाळ

लांबीचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पर्याय बदलतो. 'ओळखणं' वेगळं आणि 'मांडणं' वेगळं, हेही खरं. पण हिशोब पाहा. चार पर्यायांच्या साध्या प्रश्नात तुक्का चारात एकदा लागतो. चार उत्तरं आणि चार कारणं असतील तर दोन्ही बरोबर येण्याचा तुक्का सोळात एकदा. शिवाय तिसरा रकाना ठेवायचा: 'खात्री आहे' की 'अंदाज'. चूक आणि अंदाज, म्हणजे शिकवायचं राहिलं. चूक आणि खात्री, म्हणजे डोक्यात दुसरंच काही पक्कं बसलंय, ते आधी हलवावं लागेल. या दोन मुलांना एकच तास उपयोगी पडत नाही. दीर्घोत्तरीत दोघांनाही पाचपैकी दोन गुण मिळतात.

आणि चुकीचे पर्याय आपल्या डोक्यातून काढायचे नाहीत, ते मुलांच्याच उत्तरांतून घ्यायचे. पहिल्या वर्षी तोच प्रश्न मोकळा विचारा, उत्तरपत्रिकांतली जी चूक पुन्हा पुन्हा येते तिचा पर्याय करा. म्हणजे तुमची दीर्घोत्तरी यात वाया जात नाही, तिच्यावरच ही चाचणी उभी राहते.

कनिष्ठ महाविद्यालय, दर्यापूर

भाषेबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. अर्ध्या चुका जीवशास्त्राच्या नसतात, शब्दांच्या असतात.

'श्वसन' घ्या. रोजच्या मराठीत श्वसन म्हणजे श्वासोच्छ्वास, नाकातोंडाने हवा आत-बाहेर. मग मूल लिहितं, 'वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन.' त्याच्या लेखी ही एकाच हवेची दोन तोंडं आहेत. प्रत्येक जिवंत पेशीत, दिवसाही आणि रात्रीही, अन्नाचं विघटन होऊन ऊर्जा मिळते, हा अर्थ त्या शब्दातून त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो. 'प्रभावी' जनुकाचंही तेच. व्यवहारात प्रभावी माणूस म्हणजे वजनदार माणूस, म्हणून मुलं प्रभावी गुण म्हणजे जास्त लोकांत आढळणारा किंवा चांगला असं धरतात. 'अनुकूलन' म्हणजे जुळवून घेणं, आणि जुळवून घेतो तो एकेक जीव, अशीच त्यांची समजूत.

दहावीपर्यंत मराठी आणि अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तक, त्यामुळे चाचणी फक्त इंग्रजीत घेतली तर ती इंग्रजीची परीक्षा होईल. फक्त मराठीत घेतली तर वरचे शब्दच दगा देतील. प्रश्न मराठीत, संज्ञा दोन्ही भाषांत, आणि जिथे जमेल तिथे संज्ञा टाळून घटनाच लिहा. श्वसनासाठी असं विचारता येतं: हरभरा मोजून भिजवला, अंधारात पाच दिवस अंकुर येऊ दिले, मग उन्हात पूर्ण वाळवून तोलला. सुरुवातीच्या कोरड्या वजनाच्या तुलनेत आता वजन जास्त, तेवढंच की कमी? यात 'श्वसन' हा शब्दच नाही. पण कमी भरतं आणि का भरतं, हे ज्याला कळलं त्याला श्वसन कळलं.

प्राणीशास्त्र, गडचिरोली

मॅडमचा प्रश्न उत्तम आहे. माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे: गावाकडची उदाहरणं घेतली की संकल्पना आपोआप सोपी होते, या गृहीतकावर.

नैसर्गिक निवडीसाठी सगळे कपाशीच्या गुलाबी बोंडअळीवर येतात. पण तिच्याबद्दल मुलाने कृषी केंद्राच्या ओट्यावर, ग्रामसभेत, बातम्यांत शंभरदा ऐकलेलं असतं की 'अळीला औषधाची सवय झाली'. ते वाक्य त्याच्या घरचं आहे. तिथे तुम्ही चाचणी घेता तेव्हा ऐकीव बोलणं मोजता. शिवाय आमच्याकडे मुख्यतः धान आहे, कापूस कमीच. इथल्या बऱ्याच मुलांना पऱ्हाटी तितकीच परकी आहे जितका हेल्मोंटचा विलो.

दुसरं उदाहरण सिकलसेलचं, म्हणजे तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचं. आनुवंशिकतेला याहून चांगलं उदाहरण नाही: हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिन या प्रथिनाच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, डीएनएत एका अक्षराचा बदल, जीएजीचं जीटीजी. पण गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या वर्गात वाहक मुलं (सदोष जनुकाची एकच प्रत असलेली) बसलेली असतातच. 'तुमच्या घरात कोणाला आहे का' असा प्रश्न चाचणीत किंवा वर्गात चुकूनही येता कामा नये. लग्नाच्या बोलणीपर्यंत ती गोष्ट जाते. प्रश्न काल्पनिक कुटुंबावरच ठेवा: दोघंही वाहक, पहिलं मूल सिकलसेलचं रुग्ण, दुसऱ्याच्या वेळी शक्यता किती? 'चौघांत एक झालं, आता पुढची तिघं सुटली' हे उत्तर हमखास येतं. शक्यता प्रत्येक वेळी चारात एकच राहते, हे त्यांना कळणं मला सगळ्या आकृत्यांहून महत्त्वाचं वाटतं.

वनस्पतीशास्त्र, यवतमाळ

सिकलसेलबद्दलची सूचना जशीच्या तशी स्वीकारतो. धानाच्या पट्ट्याला वेगळे प्रश्न लागतील, तेही खरं. बोंडअळी मात्र सोडणार नाही. ऐकीव बोलणं मोजलं जातं म्हणता, मग तेच तर मोजायचंय. जी चुकीची समजूत घरात रुजली आहे ती वर्गातल्या तासाने हलली की नाही, हे दुसऱ्या कुठल्या प्रश्नावर कळणार?

फक्त प्रश्न खोल न्यायचा. बीटी कापूस, म्हणजे जिवाणूचं अळीनाशक जनुक घातलेला कापूस, भारतात 2002 मध्ये क्राय1एसी या एका जनुकासह आला, 2006 मध्ये क्राय2एबी जोडून दोन जनुकांचा. 2017 च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने बोंडं पोखरली. 'सवय झाली' म्हणणाऱ्या मुलाला हे विचारा: बीटीच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाणं वेगळं देत, ते कडेने लावायला का सांगत? सवयीचा सिद्धांत धरला तर याचं उत्तरच सापडत नाही. निवडीचा धरला तर सापडतं. त्या कडेच्या ओळींत साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग शेतातल्या मोजक्या प्रतिकारक्षम पतंगांशी संयोग करतात. प्रतिकार अप्रभावी असेल, म्हणजे जनुकाच्या दोन प्रती असल्या तरच दिसणारा, तर पुढची पिढी एकच प्रत घेऊन येते आणि बीटीवर मरते. एकाच प्रश्नात निवड आली आणि अप्रभावी म्हणजे काय तेही आलं.

आणखी एक, हा मला फार आवडतो. आपल्याकडचं बीटी बियाणं संकरित पहिल्या पिढीचं. त्याच्या बोंडातली सरकी म्हणजे दुसरी पिढी. झाड स्वपरागित झालं आणि दोन्ही जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर धरली, तर सोळा सरक्यांपैकी सरासरी किती सरक्यांत एकही बीटी जनुक नसेल? एका. बोंडाची साल मात्र आईची ऊती, तिच्यात दोन्ही. आणि गुलाबी अळी खाते काय? सरकी. म्हणजे एकाच बोंडात तिला विषाच्या वेगवेगळ्या मात्रा मिळतात. मेंडेलचं दुसऱ्या पिढीचं 9:3:3:1 हे प्रमाण इथे शेतात उभं आहे, आणि आपण अजून वाटाण्याच्या रंगावर गुण देतो.

लॅबवाला, वाशीम

सर, कागदावर कितीबी विचारा, परासरण कागदावर कळत नाही. ते करून पाहावं लागते. मी म्हणतो परीक्षाच प्रयोगाची घ्या.

आलूच्या चार सेंटिमीटर लांब, एक सेंटिमीटर जाड कांड्या कापा, साल अजिबात ठेवू नका, सालीतून पाणी जात नाही. पाच पेले: साधं पाणी, मग शंभर मिलिलिटरला मीठ अर्धा, एक, दोन आणि पाच ग्रॅम. प्रत्येकात तीन कांड्या, पाऊण तास. आधीचं आणि नंतरचं वजन घेऊन टक्क्यात फरक काढायचा. आता चुका कुठं होतात ते सांगतो. बहुतेक कॉलेजात तराजू 0.1 ग्रॅमचा. तीन-चार ग्रॅमची एकच कांडी तोलली तं तराजूचीच चूक तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणून तिन्ही कांड्या सोबत तोलायच्या. टिपकागदानं एकानं दाबून पुसलं अन दुसऱ्यानं नुसतं टेकवलं, तं फरक आलूचा नाही, पुसण्याचा निघते. उन्हाळी सत्रात पंख्याखाली कापून ठेवलेल्या कांड्या दहा मिनिटांत सुकतात, त्या पाण्यात टाकल्या की साऱ्याच फुगतात.

वजन बदलत नाही तो बिंदू बरेचदा एक टक्का मिठाच्या आसपास येते, पण आलू जुना असला, मऊ पडला असला, तं सरकते. काहून सरकते हे ज्यानं सांगितलं तो पास. ज्यानं शेजाऱ्याच्या वहीतून आकडे उतरवले त्याला ते सांगताच येत नाही.

पेपरसेटर, अमरावती विभाग

हे मला पटलं. हीच दीर्घोत्तरी, फक्त हातात आलू आहे.

लेखी चाचणीवर मात्र माझी शंका कायम आहे, आता ती गुणांबद्दल. गुण दिले तर दुसऱ्याच वर्षी उत्तरं झेरॉक्सच्या दुकानात मिळतील आणि सरकीचा प्रश्नही पाठ होईल. गुण दिले नाहीत तर मुलं टिकमार्क करून उठतील. पहिल्या आठवड्यात घेता म्हणता, पण प्रवेश ऑगस्ट संपेपर्यंत चालू असतात. अर्ध्यांची पूर्वचाचणीच नसेल, मग तुलना कशाशी?

वनस्पतीशास्त्र, यवतमाळ

तुलना फक्त ज्यांनी दोन्ही दिल्या त्यांचीच. उशिरा आलेल्यांचे पेपर शिकवायला वापरा, आकड्यात धरू नका. वाढ मोजताना नुसती वजाबाकी करायची नाही. आधी सरासरी 40 टक्के होती, नंतर 61 आली, तर वाढ 21, पण वाढायला जागा 60 ची होती. 21 भागिले 60, म्हणजे 0.35. हुशार वर्ग आणि कच्चा वर्ग यांची तुलना यामुळे जरा न्यायाची होते. गुण हजेरीपुरते द्या, बरोबर-चुकीचे नकोत. प्रश्नपत्रिका मोजून परत घ्या.

प्रश्नही तपासावे लागतात. साठ मुलं असतील तर एकूण गुणांत वरची सोळा आणि खालची सोळा घ्या. वरच्यांतले बारा बरोबर आणि खालच्यांतले चार, तर आठ भागिले सोळा, 0.5, प्रश्न चांगला. 0.2 च्या खाली आला तर प्रश्न दुरुस्त करा. उणे आला, तर आधी आपली उत्तरसूची पाहा. बहुतेक वेळा चूक तिथेच असते, किंवा हुशार मुलाला प्रश्नात दुसरा खरा अर्थ दिसलेला असतो.

कनिष्ठ महाविद्यालय, दर्यापूर

त्या दुसऱ्या अर्थासाठी एक करा. छापण्याआधी चार-पाच मुलांना एकेकटं बसवून प्रश्न मोठ्याने वाचायला लावा आणि 'यात काय विचारलंय' एवढंच विचारा. उत्तर विचारू नका. हरभऱ्याच्या प्रश्नात 'वजन' म्हटलं की काही मुलं ओल्या हरभऱ्याचंच धरतात, म्हणून 'पूर्ण वाळवून' हे शब्द ठळक छापा. तुमच्या पऱ्हाटीच्या प्रश्नातलं 'उडून गेलं' हेही बदला, सर. मुलं ते धूर म्हणून वाचतील आणि उत्तर धुराचं देतील.

प्राणीशास्त्र, गडचिरोली

आणि धानाच्या पट्ट्यासाठी पऱ्हाटीऐवजी तणस, म्हणजे धानाचा पेंढा. राखेचा आकडा मात्र बदलावा लागेल, तणसात सिलिका भरपूर असते, शंभर किलोमागे राख पंधरा किलोच्या आसपास जाते. तोच पाचचा आकडा ठेवून छापू नका.