हॉस्टेलच्या मागच्या दाराला रात्री कुलूप असावं का?

तिसरा_मजला
विद्यापीठातल्या सुरक्षेचा विषय निघाला की गाडी कॅमेरे आणि ओळखपत्रांवरच अडते. माझा मुद्दा साधा आहे. कित्येक हॉस्टेलांत रात्री मागच्या जिन्याच्या जाळीच्या दाराला कुलूप लागतं आणि किल्ली रेक्टरच्या ऑफिसात खिळ्याला टांगलेली असते. दारावर हिरवा दिवा मात्र इमानेइतबारे जळतो, त्यात पळणारा माणूस. तो पळून जाणार कुठे? जिन्यात धूर भरला की हातात मिनिटंच असतात, त्यातही डोळे उघडत नाहीत. तेव्हा किल्ली कोणाकडे आहे हे विचारत फिरायचं का? बाहेरून आत येण्यावर हवी तितकी बंधनं घाला. पण आतून बाहेर पडायला किल्ली लागेल असं एकही दार राहत्या इमारतीत नको.

माजी_रेक्टर
बोलायला सोपं आहे. आतून उघडणारं दार म्हणजे रात्री बाराला मित्रासाठी उघडलेलं आणि फटीत वीट सरकवून ठेवलेलं दार. वीट नसेल तर चप्पल, तीही नसेल तर कडीच्या खाचेत कोंबलेला कागद. सगळे प्रकार पाहिलेत. यात हसण्यासारखं काही नाही. १९८६ साली अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठात एका विद्यार्थिनीचा तिच्याच खोलीत खून झाला. मारेकरी आत आला तो मुलांनी अडकण लावून उघड्या ठेवलेल्या दारांतून. तिथल्या विद्यापीठांना आज दरवर्षी गुन्ह्यांचे आकडे जाहीर करावे लागतात, ते या प्रकरणानंतर आलेल्या १९९० च्या क्लेरी कायद्यामुळे. आगीची भीती मलाही आहे, पण आग रोज लागत नाही. आगंतुक रोज येतो.

तिसरा_मजला
@माजी_रेक्टर, तुमच्या उदाहरणात दोष विटेचा आहे, आतून उघडणाऱ्या दाराचा नाही. त्यावर उपाय जुनाच आहे: दाराला आतून आडवी दांडी, म्हणजे पॅनिक बार. अंगाने ढकललं तरी दार उघडतं, अंधारात चाचपावं लागत नाही, वीजही लागत नाही. बाहेरच्या बाजूला मूठच नसते. दार उघडताच घंटा वाजेल अशी सोय करता येते. उशिरा उघडणारी कुलपंही मिळतात: दांडी दाबून धरली की घंटा सुरू होते आणि १५ सेकंदांनी दार सुटतं. आगीचा अलार्म वाजला किंवा वीज गेली, तर थांबावंच लागत नाही. मित्राला गुपचूप आत घेणाऱ्याला ते १५ सेकंद फार जड जातात.

झोपमोड
दोघांशीही असहमत. ती घंटा आठवड्यातून चारदा वाजली की पाचव्यांदा कोणी उठणार नाही. न्यू जर्सीतल्या सेटन हॉल विद्यापीठाच्या वसतिगृहात १९ जानेवारी २००० च्या पहाटे आग लागली. आधीच्या काही महिन्यांत तिथे खोटे अलार्म इतके झाले होते की ही घंटाही तशीच समजून बरीच मुलं अंथरुणातच राहिली. तीन विद्यार्थी गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले. इमारतीत पाण्याचे स्प्रिंकलर नव्हते. ते वसतिगृहांत सक्तीचे करणारा कायदा त्या राज्यात नंतर झाला. तुम्ही दारावरून भांडताय, आणि छताकडे कोणी बघत नाही.

माजी_रेक्टर
+१. घंटेवर घंटा चढवून काही होत नाही.

तिसरा_मजला
स्प्रिंकलर हवेतच, कोण नको म्हणतंय? पण दाराची घंटा आणि आगीचा अलार्म यांचे आवाज वेगळे ठेवता येतात. दाराची घंटा वॉचमनच्या टेबलावर वाजली तरी पुरे, चारशे मुलांना उठवायचं कारण नाही.

सावकाश_चालते
मी कुबड्या वापरते. आगीत लिफ्ट वापरायची नाही हे मला पाठ आहे. मग चौथ्या मजल्यावरून मी काय करायचं, हे आजवरच्या एकाही ड्रिलमध्ये कोणी सांगितलेलं नाही. ड्रिलच्या दिवशी "तुम्ही खालीच थांबा, मॅडम" म्हणतात. कोणत्या खोलीत कोणाला मदत लागते याची यादी वॉचमनपाशी असावी, आणि जिन्याजवळ धूर अडवणाऱ्या दारामागे थांबायला जागा असावी. एवढं मागणं जास्त आहे का?

गेट_नंबर_दोन
विषयांतर होतंय. मुळात हल्लेखोर आत शिरला तर उघडी दारं काय कामाची?

तिसरा_मजला
@सावकाश_चालते, विषयांतर अजिबात नाही. यादीचं काम उद्या सकाळी होऊ शकतं, त्याला निविदा लागत नाही.
@गेट_नंबर_दोन, व्हर्जिनिया टेकमध्ये २००७ साली हल्लेखोराने गोळीबाराआधी वर्गांच्या इमारतीची मुख्य दारं आतून साखळीने बांधली होती. लोक बाहेर पडू नयेत हे त्याला हवं होतं. तेच काम आपण रोज रात्री फुकट करून ठेवायचं? खोलीचं दार आतून लागलं पाहिजे, इमारतीचं दार आतून उघडलं पाहिजे. या दोन गोष्टींची गल्लत नको.

माजी_रेक्टर
ठीक आहे, दांडी बसवा. पण घंटा वाजली की बघायला कोण जाणार? रात्रपाळीला तीन इमारतींत मिळून एक वॉचमन. तो मागे धावला की पुढचं गेट मोकळं.

तिसरा_मजला
म्हणजे ते कुलूप दुसऱ्या वॉचमनचा पगार वाचवायला आहे, असं सरळ म्हणा ना. दुसरा माणूस मागा.

माजी_रेक्टर
मागितला होता, लेखी. मंजुरी कॅमेऱ्यांना मिळाली.