तयारीच्या मध्येच आलेले आजारपण : लांब पल्ल्याच्या धावपटूंनी आपले अनुभव लिहावेत

आपल्याकडे लांब पल्ल्याच्या शर्यतींची तयारी पावसाळ्यातच करावी लागते. सप्टेंबरातल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी जूनपासून चढ चढावे लागतात आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचा पाया श्रावण-भाद्रपदात घालावा लागतो. डेंग्यूचे आणि चिकुनगुनियाचे महिनेही नेमके हेच असतात. तरीही आमच्या गटात बोलणे होते ते वेगाविषयी, बुटांविषयी आणि आठवड्याला किती किलोमीटर झाले याविषयी. आजारपण आले की माणूस गटातून गुपचूप नाहीसा होतो, बरा झाल्यावर परततो आणि मधल्या दिवसांविषयी कोणी काही सांगत नाही. त्या मधल्या दिवसांविषयीच येथे लिहावे, अशी सर्वांना विनंती आहे. थांबायचे हे केव्हा आणि कसे ठरवले, पुन्हा सुरुवात कशी केली आणि कोणत्या खुणा ओळखायच्या राहून गेल्या, हे सविस्तर आले तर नव्याने धावू लागलेल्यांना त्याचा उपयोग होईल. सुरुवात मी करतो.

ठाणे, वय ४१

२०२३ च्या ऑक्टोबरात मी पहिल्या पूर्ण मॅरेथॉनची तयारी करत होतो. २८ किलोमीटरचा रविवार पार पडला आणि मंगळवारी थंडी वाजून ताप भरला. अंग दुखत होते, पण ते रविवारच्या धावण्यामुळे दुखत असावे असे मी धरून चालत होतो. पिशवीत नेहमी असणारी आयबुप्रोफेनची गोळी तोंडात टाकणार, तेवढ्यात शेजारच्या काकांनी अडवले आणि आधी रक्त तपासायला लावले. डेंग्यू निघाला. डेंग्यूत तापासाठी पॅरासिटामॉलच घ्यायचे असते. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

माझी खरी चूक पाचव्या दिवशी व्हायची होती. ताप पूर्ण उतरला, बरे वाटू लागले आणि रविवारी निदान ५ किलोमीटर धावून यावे, असा बेत मी आखू लागलो. डॉक्टरांनी सांगितले, की ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच या आजारात सर्वांत जपण्याचे असतात, कारण याच काळात रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब अचानक कोसळू शकतो. त्या दिवशी माझ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, ३८ हजारांवर आल्या होत्या. निरोगी माणसात त्या दीड लाखाच्या वर असतात. दोन रात्री रुग्णालयात काढल्या.

त्यानंतरचा अशक्तपणा मात्र मला कोणी सांगितलेला नव्हता. सकाळी उठल्या उठल्या माझी नाडी एरवी ५४ असे, ती कित्येक दिवस ७२ च्या आसपास राहिली आणि जिना चढतानाही दम लागत होता. नाडी ६० च्या खाली येईपर्यंत फक्त चालायचे, असे मी ठरवले आणि त्यात पाच आठवडे गेले. जानेवारीत बिब, म्हणजे छातीवर लावायचा शर्यतीचा क्रमांक, आणायला गेलोच नाही. मुंबई मॅरेथॉनच्या वाटेवरचा पेडर रोडचा चढ पुढच्या वर्षी चढलो.

सातारा, वय ४७

माझे दुखणे पडून किंवा आपटून झालेले नव्हते, म्हणूनच ते ओळखायला उशीर लागला. यवतेश्वरचा घाट घराजवळ असल्याने आम्हा सातारकरांना चढाची भीती वाटत नाही, परंतु पायांना खरा मार बसतो तो उतरताना. २०२२ च्या जुलैत आठवड्यातून तीनदा मी घाट चढून तसाच वेगाने उतरत होतो, कारण सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये मागच्या वेळेपेक्षा सात मिनिटे कमी करायची होती. उजव्या नडगीत ठणका सुरू झाला. सुरुवातीला तो धावून झाल्यावर येई, मग धावतानाच येऊ लागला आणि शेवटी रात्री झोपेतही जाणवू लागला. आमच्यात नडगी दुखणे ही नित्याची गोष्ट समजतात, म्हणून बर्फ आणि तेल यांवर मी तीन आठवडे ते अंगावर काढले.

ज्यांची नडगी दुखते आहे त्यांनी पुढील फरक नीट लक्षात घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हाडाच्या आतल्या कडेने वीतभर पट्टा दुखत असेल, तर बहुधा ती स्नायूंच्या जोडाची ओढ असते. परंतु एका बोटाने नेमकी दाखवता येईल अशी जागा दुखत असेल आणि त्या पायावर एकदा उडी मारली तरी कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी. माझा एक्स-रे स्वच्छ आला आणि मी सुटकेचा नि:श्वास टाकला. तथापि असा तडा सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेवर पुष्कळदा दिसतच नाही. अस्थिरोगतज्ज्ञांनी आग्रहाने एमआरआय करायला लावला, तेव्हा तो दिसला. शिवाय ड जीवनसत्त्व ११ निघाले, आणि २० च्या खाली गेले की ती कमतरता मानतात. पहाटे अंधारात धावायचे आणि दिवसभर कचेरीत बसायचे, असा माझा दिनक्रम असल्याने ऊन अंगाला लागतच नव्हते.

आठ आठवडे धावणे बंद झाले. पायावर भार न देता दम टिकवायचा, तर खोल पाण्यात उभ्याने धावण्याची हालचाल करता येते, असे फिजिओथेरपिस्टनी सुचवले. तरणतलाव लांब असल्याने मी गावाकडच्या विहिरीत, लहानपणी पोहायला शिकताना बांधायचो तसा पाठीला डबा बांधून, दररोज चाळीस मिनिटे पाय चालवत राहिलो. काठावर चुलतभावाला बसवल्याशिवाय उतरायचे नाही, ही वडिलांची अट होती. शर्यतीच्या दिवशी घाटाकडे फिरकण्याचे धैर्य मला झाले नाही. त्या रविवारीही मी विहिरीतच होतो.

नाशिक, वय ३६

ठाण्याच्या दादांनी नाडीविषयी लिहिले आहे, त्यावरून मला माझे वर्ष आठवले. मला ताप नव्हता आणि कोठे दुखतही नव्हते, तरी माझा वेग दर आठवड्याला खालावत होता. किलोमीटरला सहा मिनिटांनी सहज धावणारी मी, सात मिनिटांनीही धापा टाकू लागले होते. घरच्यांच्या मते मी अति करत होते आणि प्रशिक्षकांच्या मते कमी. हिमोग्लोबिन १२.१ आले, तेव्हा सगळे ठीक आहे असे मला सांगण्यात आले, आणि मनाचाच आळस असेल असे समजून मी आणखी जोर लावला. त्या दोन महिन्यांचे मला आजही वाईट वाटते.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी पाळीविषयी नीट विचारले आणि फेरिटिन तपासायला सांगितले. ते ९ आले. शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपला होता, पण हिमोग्लोबिन अजून घसरलेले नसल्याने ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या आणि त्यातच लांब धावणाऱ्या स्त्रियांनी ही तपासणी मागून घ्यावी. गोळ्या एक दिवसाआड, रिकाम्या पोटी आणि लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या होत्या, तर चहा त्यांच्यापासून दोन तास दूर ठेवायचा होता. चहातल्या द्रव्यांमुळे लोह कमी शोषले जाते, आणि मी तर नाश्त्याबरोबर दोन कप पीत असे. सासूबाईंनी अळिवाचे लाडू करून दिले. ते जरूर खा, परंतु त्यांच्यावर विसंबून गोळी सोडू नका, असे डॉक्टरांनी बजावले. वेग परत यायला तीन महिने लागले, आणि त्या काळात मी घड्याळ घरी ठेवून धावले.

पुणे, वय ५०

दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही डरबन आणि पीटरमारिट्झबर्ग या दोन शहरांमधली सुमारे ९० किलोमीटरची शर्यत असून ती १२ तासांत संपवावी लागते. २०२४ च्या शर्यतीसाठी माझी तयारी पूर्ण झाली होती. एप्रिलमध्ये पोट बिघडले आणि सिप्रोफ्लॉक्सासिन घेतले. औषध योग्यच होते, पण मी आठवड्याला ९० किलोमीटर धावतो हे डॉक्टरांना सांगायला हवे होते, आणि ते मी सांगितले नाही. चारच दिवसांनी टाचेमागची शीर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा स्नायुबंध, सुजली. या वर्गातल्या प्रतिजैविकांमुळे काही जणांची ती शीर दुखावते, प्रसंगी तुटतेही; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्येच तसा ठळक इशारा औषधाबरोबर छापायला लावला आहे. म्हणून औषध घेताना आपण धावतो हे डॉक्टरांना आधी सांगावे. टाचेमागे दुखू लागले किंवा सूज आली, तर मात्र धावणे आणि ते औषध थांबवून लगेच डॉक्टरांना गाठावे; एरवी स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये.

विमानाची तिकिटे काढलेली होती. सराव न करता ५० किलोमीटरपर्यंत तरी जाऊन यावे, असे गटातल्या काहींचे मत होते. मी गेलो नाही. तेरा महिन्यांत आधी नुसते चालणे, मग पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाच हळूहळू खाली सोडण्याचा व्यायाम आणि त्यानंतर धावणे, असा क्रम ठेवला. २०२५ मध्ये डरबनच्या दिशेची शर्यत पूर्ण केली.

डोंबिवली, एका धावपटूची पत्नी

मी धावत नाही, तरीही लिहिते आहे. माझे यजमान ५२ वर्षांचे असून त्यांनी अकरा अर्धमॅरेथॉन पूर्ण केल्या आहेत. चढ लागला की त्यांच्या छातीत जड वाटे आणि थांबले की दोन मिनिटांत बरे वाटे. पित्त झाले असेल, असे ते म्हणत आणि मीही मानत होते, कारण एवढे धावणाऱ्या माणसाला हृदयविकार होईल ही कल्पनाच आम्हाला शिवली नव्हती. माझ्या सासऱ्यांना ५५ व्या वर्षी झटका आला होता, हे ठाऊक असूनही नाही. स्ट्रेस टेस्ट, म्हणजे श्रम करायला लावून केलेली हृदयाची तपासणी, मध्येच थांबवावी लागली आणि त्याच आठवड्यात स्टेंट बसवावा लागला. श्रम करताना येणारे आणि थांबल्यावर जाणारे जडपण पित्ताचे समजू नका. आता ते डॉक्टरांनी आखून दिलेल्या नाडीच्या मर्यादेत चालतात आणि थोडे धावतात, आणि मी सायकल घेऊन बरोबर असते.

सांगली, वय ३९

हे सारे वाचून आज लिहिण्याचा धीर झाला. मला चिकुनगुनिया होऊन सव्वा महिना झाला. ताप चार दिवसांतच गेला, परंतु घोटे आणि बोटांची पेरे सकाळी अजूनही आखडलेली असतात. शाळेत फळ्यावर लिहितानाही खडू निसटतो. साताऱ्याची शर्यत सहा आठवड्यांवर आली आहे. साताऱ्याच्या दादांनी उतारांविषयी लिहिलेले दोनदा वाचले आणि मैत्रिणीला फोन करून, मी या वर्षी येत नाही, असे सांगून टाकले. ती काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, की तुझ्यासाठी थांबणार नाही, मी धावणार. तेच मला बरे वाटले. सकाळी कळ न येता चपात्यांची कणीक मळता येऊ लागली, की चालायला सुरुवात करायची, एवढेच सध्या ठरवले आहे.