भंगारातली खुर्ची
भंगार जोडून केलेल्या खुर्चीला कला का म्हणायचं, असं काही जण विचारतात. पिकासोनं १९४२ साली सायकलची सीट आणि हँडल, एवढ्यावर बैलाचं डोकं उभं केलं. त्याला तशी नजर असावी लागते हो! आमच्या वर्ध्याकडच्या गावातले लोहारदादा तेच करतात. वखराची झिजून पातळ झालेली पास, म्हणजे मातीत फिरणारं लोखंडी पातं, त्यांनी बाकाच्या पाठीला बसवलीय. वर्षानुवर्षं काळ्या मातीत फिरून तिला जी चकाकी आली, तिच्यावर त्यांनी ग्राइंडर फिरवला नाही. मला तो निर्णय फार मोलाचा वाटतो.

रंगाचं म्हणाल तर ऑइलपेंट नकोच. लोखंड गरम असतानाच जवसाचं तेल चोळा. काळा, कडक थर बसतो आणि हातोडीच्या खुणा दिसत राहतात. वस्तू अंगणात राहणार असेल तर पावसाळ्याआधी पुन्हा तेलाचा हात द्यावा लागतो.

ट्रकच्या कमानपाट्याचं (चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगचं) पोलाद वापरणाऱ्यांनी जोडाची जागा आधी तापवून घ्यावी. त्यात कार्बन जास्त असतो, थंडावर वेल्डिंग केलं की सांध्याशेजारी तडा जातो. आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा असेल तर जस्त घासून काढल्याशिवाय वेल्डिंग करूच नका, त्या धुरानं माणसाला ताप भरतो.