‘क्लॉक्स गो बॅक’ म्हटल्यावर आपला कॉल उशिरा कसा?

मिहानवाली:
क्लायंट न्यूयॉर्कचा. रोजचा कॉल त्यांच्या सकाळी नऊला, आपल्या संध्याकाळी साडेसहाला. काल तिकडची मॅनेजर म्हणाली, ‘क्लॉक्स गो बॅक धिस संडे’. घड्याळ मागे, तर कॉल साडेपाचला यायला पाहिजे ना? टीममधले साडेसात सांगून राहिले. काऊन? वरून ‘माय क्लॉक इज फास्ट’, ‘अगेन्स्ट द क्लॉक’ हेही चालूच असतं तिचं. घड्याळाची ही इंग्रजी कोणी समजावून सांगेल का?

रातपाळी:
साडेसातच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी रात्री दोन वाजले की तिकडे पुन्हा एक वाजवतात. म्हणजे त्यांचे नऊ तासभर उशिरा वाजतात, आपलं घड्याळ आहे तिथेच. मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत साडेसहा. ‘अगेन्स्ट द क्लॉक’ म्हणजे डेडलाइन उरावर. जेवण मागवून ठेवा.

बर्डीचा घड्याळवाला:
चावीची घड्याळं दुरुस्त करतो. माझं इंग्रजी शाळेतलं नाही, जुन्या कॅटलॉगांतलं.

फास्ट आणि गेन एकच धरतात, तिथे घोळ होतो. ‘फाइव्ह मिनिट्स फास्ट’ म्हणजे या घटकेला पाच मिनिटं पुढे आहे. काटे लावा, झालं. त्याचे मी पैसे घेत नाही. ‘गेन्स फाइव्ह मिनिट्स अ डे’ म्हणजे रोज पाच मिनिटं पुढे पळतं; काटे कितीही लावा, उद्या पुन्हा तेच. ते खोलावं लागतं. याच्या उलट स्लो आणि लूजेस. नागपूरच्या उन्हाळ्यात लोखंडी दांडीचं लंबकाचं घड्याळ ‘लूज’ करणारच: दांडी तापून लांबते, एका अंशाला दिवसाचा साधारण अर्धा सेकंद जातो. जानेवारीत बरोबर लावलेलं मे महिन्यात महिन्याला तीन-चार मिनिटं मागे पडतं, आणि गिऱ्हाईक माझ्या नावानं बोंबलतं. लंबकाखालचा नट थोडा वर घ्यायचा, बस.

‘वाइंड’ म्हणजे चावी देणं, ‘रन डाउन’ म्हणजे चावी उतरणं. ‘लाइक क्लॉकवर्क’ म्हणजे अगदी बिनचूक. (असं म्हणणाऱ्यानं माझ्या टेबलावरची घड्याळं पाहिलेली नाहीत.)

‘टर्न बॅक द क्लॉक’ म्हणजे गेलेला काळ परत आणणं. ठोक्याच्या पुष्कळ जुन्या घड्याळांत काटे मागे फिरवले की ठोक्यांचा हिशोब बिघडतो, तीनला चार वाजतात. मग तुमच्या मॅडमच्या गावात असं घड्याळ असेल तर रविवारी काय करायचं? लंबक तासभर थांबवून ठेवायचा. नाहीतर अकरा तास पुढे फिरवायचं, दर वेळी ठोके पूर्ण वाजू देत. घाई केली की माझ्यासारख्याची कमाई.

मिहानवाली:
मॅडमचं घड्याळ फास्ट आहे की गेन करून राहिलं, उद्या विचारतेच. काका, महालात आमच्या आजोबांचं ठोक्याचं घड्याळ बंद पडलंय. आणू का?

बर्डीचा घड्याळवाला:
आणा जी. पण लंबक आधी काढून वेगळा गुंडाळा. तो लटकतो ती पट्टी कागदासारखी पातळ असते, गाडीच्या हिसक्यानं मोडते. चावीही आणा, लोक तीच विसरतात.