थायलंडले चाललो, कोणतं कार्ड नेऊ?

कपाशीवाला (पांढरकवडा तालुका)

राजेहो, जरा सल्ला पाहिजे. माझं कृषी केंद्र आहे. यंदा बियाण्याच्या कंपनीचं टारगेट पूर्ण झालं, म्हणून फेब्रुवारीत बँकॉक-पटायाची टूर लागली. विमान, हॉटेल, सकाळचा नाश्ता कंपनीचा. बाकी वरखर्च आपला. घरच्या मंडळीचं पॅकेज मी पदरचे पैसे भरून घेतलं, नाहीतर परत आल्यावर घरात कोण घेणार होतं? दोघांचा मिळून साठ हजार वरखर्च धरून चाललो आहे.

बँकेत गेलो तर साहेब म्हणे फॉरेक्स कार्ड (आधीच परदेशी चलन भरून ठेवलेलं कार्ड) घ्या, डॉलर भरून देतो. पोरगा पुण्याले शिकते, तो म्हणते बाबा, झिरो फॉरेक्सवालं कार्ड मोबाईलवरूनच काढा, एक रुपया जास्त लागत नाही. सोबतचा डीलर म्हणते नोटा न्या, कार्डाच्या भानगडीत पडूच नका. माझ्याजवळ सध्या केसीसीचं (किसान क्रेडिट कार्डाचं) रुपे कार्ड आहे, दुकानाच्या सीसी (कॅश क्रेडिट) खात्याचं चेकबुक आहे आणि बचत खात्याचं एक डेबिट कार्ड आहे. कोणाचं ऐकू? आणि खरंच काही वाचते, की नुसती जाहिरात?

आर्वीची मास्तरीण

भाऊ, पोराचं ऐका, पण तो सांगतो तेवढ्यावर थांबू नका. मी मुलीसोबत थायलंड करून आले. त्याआधी आमच्या विहारातल्या मंडळींबरोबर श्रीलंकेला अनुराधापूर, कँडी झालं. दोन्हीकडे पैशाची पिशवी माझ्याच गळ्यात होती.

आधी हिशोब. आपल्या साध्या डेबिट-क्रेडिट कार्डाने परदेशात खर्च केला की बँका साधारण साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याचा जादा आकार, लावतात आणि त्या मार्कअपवर पुन्हा १८ टक्के जीएसटी. म्हणजे शंभरामागे ४ रुपये १३ पैसे. तुमच्या साठ हजारांतले पस्तीस हजार कार्डावर गेले असं धरा, तर साडेचौदाशेच्या आसपास जातात. झिरो मार्कअपच्या, म्हणजे पोराच्या त्या झिरो फॉरेक्सवाल्या, कार्डात हे वाचतात. व्हिसा किंवा मास्टरकार्डचा जो दर असेल तो लागतो, आणि तो बाजारभावाला बराच धरून असतो. तेव्हा नुसती जाहिरात नाही. पण हे साडेचौदाशे वाचवणारे लोक तिथे जाऊन दोन ठिकाणी त्याहून जास्त देऊन येतात.

एक म्हणजे दुकानातलं मशीन. बँकॉकच्या एमबीके मॉलमध्ये मुलीने बूट घेतले. काउंटरवरच्या पोरीने कार्ड लावलं आणि मशीन आमच्याकडे फिरवलं. स्क्रीनवर दोन आकडे, वर बाट (थायलंडचं चलन), खाली रुपये. रुपये दिसले की आपल्याला बरं वाटतं, ओळखीचा आकडा ना! मुलीने मोबाईलवर दर लावून पाहिला तर खालच्या आकड्यात पाच टक्के आधीच घुसवलेले. काउंटरवाल्या पोरीचं बोट रुपयांच्या बटणाकडे चाललंच होतं, तेवढ्यात आमची कन्या ओरडली, "नो नो, बाट, बाट!" ती हसली आणि बाट दाबलं. रुपयांत पैसे देण्याची ही सोय म्हणजे त्या मशीनवाल्याची कमाई. आपण रुपये निवडले की झिरो मार्कअपचं कार्ड असूनही काही उपयोग नाही, कारण दर त्यांचा लागतो. वरून आपल्याकडच्या काही बँका त्याच्यावरही आकार घेतात. म्हणून कुठेही गेलात तरी त्या देशाचं चलन निवडायचं.

एटीएमवर हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो, "विथ कन्व्हर्जन" की "विदाऊट कन्व्हर्जन". विदाऊट दाबा. व्यवहार रद्द होईल असं वाटतं, होत नाही, पैसे निघतात.

दुसरं ठिकाण म्हणजे हेच एटीएम. थायलंडच्या बँका परदेशी कार्डाला दर वेळेला दोनशेच्या वर बाट घेतात, हजार काढा नाहीतर दहा हजार. आपल्या बँकेचा आकार वेगळा. झिरो मार्कअप म्हणजे झिरो एटीएम चार्ज नव्हे, हे कार्डाच्या जाहिरातीत बारीक अक्षरात असतं. आमच्या ग्रुपमधले एक काका रोज सकाळी दूध आणायला गेल्यासारखे एटीएमवर जायचे! आणि क्रेडिट कार्डाने रोख काढूच नका, बहुतेक कार्डांवर त्याच दिवसापासून व्याज चढतं.

तुमच्या डीलरचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही. पटायात बीच रोडवरून फिरणाऱ्या त्या उघड्या गाड्या, रस्त्यावरचं नारळपाणी, आंबा-भात, सगळं रोख. सेव्हन-इलेव्हनमध्ये छोट्या बिलाला कार्ड घेत नाहीत. त्यामुळे साठातले वीस-पंचवीस हजार नोटांत न्या. नागपुरात अधिकृत मनी चेंजरकडून शंभराच्या डॉलर नोटा घ्या, कोऱ्या, घडी न पडलेल्या. पेनाने काही लिहिलेली नोट तिकडे परत करतात, आणि लहान नोटांना दर कमी देतात. पासपोर्ट, तिकीट, पॅन सोबत ठेवा. डॉलर घ्यायला ५० हजारांपर्यंतच रोख चालते, त्याच्यावर चेकने किंवा खात्यातून. बँकॉकच्या विमानतळावर वरच्या मजल्यावर बदलू नका. खाली रेल्वे स्टेशनजवळ छोटे काउंटर आहेत, तिथे दर चांगला मिळतो.

राहिलं बँकेच्या साहेबांचं कार्ड. डॉलर भरलेलं कार्ड बाटमध्ये वापरलं की चलनबदलाचा आकार पुन्हा लागतो. घ्यायचंच असेल तर बाट भरून देता का ते विचारा. उरलेले पैसे परत घेताना दर कमी मिळतो, तेही लक्षात ठेवा.

केसीसीचं कार्ड घरीच राहू द्या. ते तिकडे चालायचं नाही आणि हरवलं तर पेरणीच्या तोंडावर धावपळ.

संत्रावाला, वरूड

मॅडमचं बाकी सगळं मान्य. फक्त त्यांच्या हातात पगाराची स्लिप आहे हो, आपल्या हातात सातबारा. झिरो फॉरेक्सवाली बरीच कार्डं क्रेडिट कार्डं आहेत आणि त्यांना उत्पन्नाचा पुरावा लागते. माझा अर्ज एका बँकेनं नुसता पिनकोड बघूनच परत केला असावा, कारण आयटीआर मी चांगला भरतो. तर भाऊ, दोन रस्ते आहेत. एक, एफडी ठेवून मिळणारं क्रेडिट कार्ड. जेवढी एफडी, साधारण तेवढी लिमिट, आणि एफडीवर व्याज सुरूच राहते. त्यात झिरो मार्कअपवाली आहेत, घेताना सध्याच्या अटी वाचा, कारण बँका या अटी वारंवार बदलतात. दुसरा रस्ता, झिरो मार्कअपचं डेबिट कार्ड. खातं मोबाईलवर उघडते, आधार-पॅनवर व्हिडिओ केवायसी होते. आमच्या शेतात रेंज नाही म्हणून मी केवायसी करायला वरूडच्या स्टँडसमोर गाडीत बसलो होतो. समोरची बाई म्हणे, सर, मागे खूप आवाज आहे. म्हटलं, ताई, इथं एसटीच अशी आहे!

आणि जे कार्ड घ्याल त्याचं इंटरनॅशनल बटण चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानं नवीन कार्ड फक्त देशात वापरण्यापुरतं चालू येते. दुकान, ऑनलाइन, एटीएम आणि नुसतं टेकवायचं, सगळ्यांची बटणं अॅपमध्ये वेगवेगळी आहेत. तिकडच्या मशीनवर पुष्कळदा पिन विचारतच नाहीत, म्हणून लिमिट रोजच्या खर्चापुरतीच ठेवा.

कपाशीवाला (पांढरकवडा तालुका)

मॅडम, दादा, लय उपकार झाले. आणखी दोन गोष्टी. फोनपे चालते काय तिथं? आणि दुकानाच्या सीएनं टीसीएसची (परदेशी खर्चावर आधीच घेतात त्या कराची) भीती घातली, वीस टक्के कापतात म्हणे.

आर्वीची मास्तरीण

थायलंडमध्ये यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका. दुकानादुकानांत क्यूआर चिकटवलेला दिसेल, तो त्यांच्या प्रॉम्प्टपेचा, म्हणजे तिकडच्या यूपीआयसारख्या सोयीचा. श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआय सुरू झालं, भूतानमध्ये त्याच्याही आधी. पण तिथेही अॅपमध्ये यूपीआय इंटरनॅशनल आधी चालू करावं लागतं.

टीसीएसचं म्हणाल तर फॉरेक्स कार्ड, डेबिट कार्ड, नोटा हे सगळं मिळून आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर गेलं तर वीस टक्के. ही मर्यादा एप्रिल २०२५ पासूनची, आधी ७ लाख होती. तुमचे साठ हजार त्यात कुठे लागतात! मात्र वहिनींचं पॅकेज तुम्ही पदरचं घेतलं ना? टूर पॅकेजवर पहिल्या रुपयापासून टीसीएस घेतात. टूरवाल्याकडून पक्कं बिल घ्या, पॅन कोणाचा टाकला ते बघा. रिटर्न भरताना ते पैसे वळते होतात, फक्त ज्याच्या पॅनवर कापले त्याच्याच. वहिनींचा पॅन टाकला असेल तर रिटर्नही त्यांचाच भरावा लागेल. तुमच्या सीएला हे विचारा, वीस टक्क्यांचं राहू द्या.

संत्रावाला, वरूड

बँकेत नोंदवलेलं सिम आहे त्याचं रोमिंग निघायच्या आधीच चालू करा, ओटीपी त्याच्यावरच येते. आणि वहिनीजवळ दुसरं कार्ड राहू द्या, दोन्ही एकाच पाकिटात नको. एफडीवालं कार्ड काढायचं असेल तर आजच अर्ज टाका भाऊ. कुरिअर तालुक्यापर्यंतच येते, पुढं गावात येत नाही. पत्ता दुकानाचा द्या.