बेडसोरवर पुन्हा तोच ‘टीचिंग प्रोग्राम’ करू का?

रातपाळी_सिस्टर
अकरा वर्षं ऑर्थो वॉर्डात काढून आता डेप्युटेशनवर एम.एस्सी. नर्सिंग करतेय. विषय बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून दाबाने होणाऱ्या जखमा. गाइड मॅडम म्हणतात, स्टाफची प्री-टेस्ट घे, अर्धा तास शिकव, सात दिवसांनी पोस्ट-टेस्ट, पेअर्ड टी-टेस्ट (त्याच माणसांचे आधीचे-नंतरचे मार्क ताडायची संख्याशास्त्रीय चाचणी) लाव आणि मोकळी हो. आमच्या लायब्ररीत असल्या प्रबंधांनी अख्खा कप्पा भरलाय. सगळ्यांत मार्क वाढलेलेच. न वाढून जातात कुठे!

पण ‘दर दोन तासांनी कूस बदला’ हे वॉर्डातल्या मावशींनाही पाठ आहे. नाइटला ४० पेशंट, आम्ही दोघी, आणि मोडलेल्या खुब्याचे आजोबा ८० किलोचे. चार्टवर मात्र २, ४, ६ च्या खुणा एकाच पेनाने, एका दमात मारलेल्या. मीही मारल्यात. मला मार्क नाही मोजायचे, टाचा आणि माकडहाड बघायचंय. सिनॉप्सिसमध्ये (प्रबंधाच्या आराखड्यात) कसं मांडू?

निवृत्त_मेट्रन
अगं, ‘चार्ट तपासणार’ असं लिहू नकोस, स्टाफ बिथरेल. ब्रेडन स्केल घे, बेडसोरचा धोका मोजायची गुणपट्टी. सहा मुद्दे, गुण ६ ते २३, १८ किंवा त्याखाली म्हणजे धोका. गुण कमी तितका धोका जास्त, हे आधी बजाव. आमच्या निम्म्या पोरी उलटं धरून बसल्या होत्या. आणि आपल्या सावळ्या कातडीवर लाली शोधत बसू नकोस. हात लावून बघ, आजूबाजूपेक्षा गरम लागतं का, टणक लागतं का.

आकडेमोड_सर
मॅडमचं प्री-पोस्ट ठेवा, फक्त प्रश्नपत्रिकेच्या जागी नवे बेडसोर मोजा. आधीचे पेशंट वेगळे, नंतरचे वेगळे, म्हणून पेअर्ड टी-टेस्ट नाही, काय-स्क्वेअर, म्हणजे दोन गटांत किती जणांना सोर झाले त्याचं प्रमाण ताडायची चाचणी. भरती होतानाच असलेले सोर पहिल्या दिवशी नोंदवून बाजूला काढा, नाहीतर घरून आलेली जखमही तुमच्याच खात्यात.

दोन तासांचंही फार मनावर घेऊ नका. ब्रेडन स्केल बनवणाऱ्या दोघींपैकी बर्गस्ट्रॉम बाईंनीच २०१३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या २७ नर्सिंग होममधल्या नऊशेवर वृद्धांवरचा अभ्यास छापला. कूस २, ३ की ४ तासांनी, सोर होण्यात लक्षणीय फरक नाही. पण ते सगळे चांगल्या दाट फोमच्या गादीवर होते. तुमच्याकडे गादी कसली?

रातपाळी_सिस्टर
सर, हा प्रश्न मला अकरा वर्षांत पडला नाही. आज वॉर्डात जाऊन पेशंटच्या कमरेखाली, गादीच्या तळाशी तळहात सरकवून पाहिला. काथ्याची गादी, वर रेक्झिन, मधोमध खड्डा. आजोबांचं हाड सरळ हाताला लागलं.

मॅडमना उद्या ११ ला भेटतेय. मेट्रनबाई, ब्रेडनचा मराठीत केलेला फॉर्म असेल तर पाठवाल का?