मदत हवी आहे : कळंब्याचे टिलवे, छोटे की टेमिंकचे?

कोल्हापूरच्या कळंबा तलावाच्या चिखलकाठावरच्या टिलव्यांची (चिखलात टिपणारे चिमुकले पाणपक्षी; छोटा आणि टेमिंकचा या त्यांच्या दोन जाती) ओळख पक्की करायची आहे. पाय काळे तर छोटा टिलवा, पिवळट-हिरवट तर टेमिंकचा, हे ठीक. पण चिखलानं माखले की दोघांचेही पाय काळेच. त्यात ऊन समोर असलं तर विचारूच नका.

थव्यातल्या एकाची पाठ एकसारखी राखाडी-तपकिरी आहे, छातीवर मळकट पट्टा, आणि तो गवताच्या कडेनं वाकून सावकाश चालतो. बाकीचे उघड्या चिखलात तुरुतुरु धावत टिपतात, त्यांची छाती मधोमध पांढरी. म्हणजे पहिला टेमिंकचा असावा. खात्रीला शेपटीच्या कडेची पांढरी पिसं दिसायला हवीत (छोट्याची राखाडी असतात), पण ती उडताना-उतरतानाच क्षणभर दिसतात.

तर, सकाळी सूर्य पाठीशी ठेवून चिखलाजवळ जायला कुठल्या बाजूनं वाट आहे? स्कोप (तिकाटण्यावरची एकनळी दुर्बीण) २०-६० पट मोठं दाखवणारा आहे, पण ऊन चढून हवा थरथरायला लागली की ४० पटीच्या पुढं काही उपयोग नाही. टेमिंकच्याचा उडतानाचा 'ट्रिर्रर्र' कुणी रेकॉर्ड केलाय का? छोट्याचा 'टिट' तुटक असतो, आवाजावरून लगेच निकाल लागेल. राजाराम तलावाचा काठ उघडा पडला असेल तर तेही सांगा.